उभ्याने कामाचं टेबल: उंची कोपरावरून ठरवा

ग्रंथालयातलं देवघेवीचं काउंटर किंवा पुस्तकं दुरुस्तीचं टेबल करून घेताना सुताराला आधी सेंटिमीटर सांगू नका. तिथे रोज उभं राहणाऱ्या माणसाला नेहमीची चप्पल घालून सरळ उभं करा, हात कोपरात काटकोनात दुमडायला लावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. सगळा हिशेब इथून सुरू होतो.

वाचन आणि बारीक लिखाणासाठी पृष्ठभाग कोपराच्या थोडा वर हवा, म्हणजे मान झुकत नाही. पुस्तकांवर शिक्के मारणं, लेबलं चिकटवणं यासाठी कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली. जाड बांधीव खंड उचलायचे, गठ्ठे बांधायचे तर आणखी खाली, कोपरापासून साधारण १५ ते २० सेंमी. तिथे खांद्यांचा जोर लागतो आणि उंच टेबलावर खांदे आखडतात. मोजताना पुस्तकाची जाडीही धरा. हात टेबलावर नाही, पुस्तकावर चालतो, हे हमखास विसरलं जातं.

एकाच टेबलावर अनेकजण काम करत असतील तर उंची बदलणारं टेबल उत्तम. ते शक्य नसेल तर उंच माणसाच्या मापाने करा आणि ठेंगण्या सहकाऱ्याला उभं राहायला रुंद, न घसरणारा पाट ठेवा. नाहीतर उंच माणसाला वाकून काम करावं लागतं आणि त्याच्या कंबरेवर ताण येतो.

आणि काउंटरचा एक भाग बसक्या उंचीचा, खाली गुडघ्यांना मोकळी जागा असलेला ठेवाच. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकालाही समोरासमोर बोलता आलं पाहिजे.