फॉल्स दिलं तरी फाइली उडाल्या: पायथनच्या आर्गपार्सचा माझा अनुभव

जुन्या बॅकअप फाइली साफ करायला एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली होती, त्यात --डिलीट असा ऑप्शन ठेवला आणि आर्गपार्समध्ये (स्क्रिप्ट चालवताना दिलेले ऑप्शन वाचणारं पायथनचं मॉड्यूल) त्याचा टाइप दिला बूल, कारण वाटलं खरं-खोटंच तर हवंय. आधी नुसती यादी बघू म्हणून --डिलीट फॉल्स असं देऊन चालवली तर सगळ्या फाइली गायब! दुसऱ्या डिस्कवर कॉपी होती म्हणून वाचलो, पण हातपाय गार पडले होते.

मग पायथनचा प्रॉम्प्ट उघडून बूल("फॉल्स") टाइप केलं, उत्तर आलं ट्रू. म्हणजे कमांड लाइनवरून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं, आर्गपार्स ती स्ट्रिंग जशीच्या तशी बूलला देतं आणि बूल फक्त एवढंच बघतं की स्ट्रिंग रिकामी आहे का, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्यामुळे "नो" द्या नाहीतर "0" द्या, ट्रूच येणार.

टाइप काढून टाकला आणि ॲक्शन="स्टोअर_ट्रू" लिहिलं. आता --डिलीट लिहिलं तरच ट्रू, नाही लिहिलं तर आपोआप फॉल्स, आणि पुढे चुकून फॉल्स टाइप केलं तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पायथन 3.9 पासून बूलियन-ऑप्शनल-ॲक्शन पण आहे, त्यात फॉल्ससाठी --नो-डिलीट आपोआप मिळतं. फाइली उडवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाइप=बूल दिसलं तर आजच बदला.