एमजीबीला रुंद चाकं बसवताना

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार मुळात 14 इंची अरुंद टायरांवर धावायची. आज तिला सर्वांत शोभणारा बदल म्हणजे 5.5 इंच रुंद रिम आणि 185/70 आर 14 टायर. अरुंद 165/80 आर 14 टायरचा व्यास 620 मिमी भरतो, या नव्या टायरचा 615. स्पीडोमीटर जेमतेम 1 टक्का चुकतो.

साध्या हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, 4 स्टड (चाक आवळायचे बोल्ट) असतात, आणि ते 114.3 मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात. तारांच्या चाकांचा हब वेगळा, त्यावर हे रिम बसत नाहीत.

खरी अडचण मागे येते. मागचा ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) असल्यामुळे वळणावर आडवा सरकतो, आणि पुष्कळदा तो मधोमध नसतोच. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर) तोच ठेवून रिम 1 इंचाने रुंद केला, तर तो आत आणि बाहेर प्रत्येकी 12.7 मिमी वाढतो. आत पाटे, बाहेर मडगार्ड.

मडगार्डच्या आतल्या कडेला कणकेचे गोळे चिकटवा, डिकीत वजन टाका, मोकळ्या जागेत दोन्हीकडे सावकाश वळवा. गोळा चेपून 10 मिमीपेक्षा पातळ झाला, तर कड दुमडावी लागेल. दुमडण्याआधी हीट गनने रंग गरम करा, थंड रंग हमखास तडकतो.

हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची चकती, म्हणजे स्पेसर, शक्यतो टाळाच. लावलाच, तर अर्ध्या इंची स्टडवर नटाचे किमान 10 आटे बसले पाहिजेत. अलॉय रिमला त्याच्या भोकाच्या बैठकीशी जुळणाऱ्या आकाराचे नट घ्या, आणि 80 किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.