लघवीची आग अन् 'खालचं' दुखणं: औषधाच्या काउंटरवर रोज दिसणाऱ्या चुका

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की आमच्या दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, लघवीला आग होऊन राहिली, मागच्या टायमाची तीच गोळी द्या ना."

या मागच्या टायमाच्या अँटिबायोटिकची मला भारी चीड आहे. दोन दिवसांत आग थांबते, उरलेली पट्टी कपाटात पडते, वाचलेले जंतू औषधाला सरावतात. पुढे पुन्हा तीच आग, वर थंडी वाजून ताप. शिवाय पुरुषाला इन्फेक्शन झालं की मागे स्टोन, प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) किंवा शुगर असू शकते, म्हणून डॉक्टरला दाखवायचंच. माझ्याकडे क्रम ठरलेला: डॉक्टरची चिठ्ठी, युरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) नमुना, मग गोळी. पहिली धार सोडून मधली डबीत घ्यायची. गोळी घेऊन दिलेल्या नमुन्यात पुष्कळदा काही उगवतच नाही. "एवढं कोण थांबते?" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गोळीही देत नाही.

दुसरी चूक लाजेची. एक गृहस्थ सकाळी अकराला पोरासाठी पोटदुखीची गोळी मागायला आले. पोरगं १६ वर्षांचं, रात्री कळ येऊन झोपेतून उठलेलं, उलट्या झालेल्या. नेमकं कुठं दुखते, हे दोनदा विचारलं तेव्हा आवाज उतरला: "खाली... एक बाजू सुजली." घरी हळदीचा लेप लावून झाला होता. अंडकोषाला पीळ पडला की रक्त पोचत नाही. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर तो बहुतेकदा वाचतो. इथं अख्खी रात्र गेली होती. ती बाजू काढावी लागली. अशी कळ अचानक आली तर रात्रीचे दोन वाजले असोत, थेट मेडिकल कॉलेज नाही तर मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जा. उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नका.

बाकीचं भराभर सांगतो. लघवीत रक्त एकदाच दिसलं, दुखलंही नाही, तरी तपासा. अंडकोषातली न दुखणारी गाठही तशीच. बिअर स्टोनचं औषध नाही. स्टोनच्या कळेसोबत ताप आला तर लगेच दवाखाना गाठा.

आणि प्रोस्टेट वाढलेल्या, धार बारीक झालेल्या आजोबांसाठी सर्दीची गोळी परस्पर नेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी पुरती तुंबते अन् नळी घालायला पळावं लागते. आजोबांची धार कशी आहे, असं मी विचारलं की नातू चिडतात. चिडू देतो.