पूर येणाऱ्या वाड्यावर (गावातल्या वस्तीवर) सिवरेज लाईन घालताय? या चुका टाळा

गोव्यात मी पाहिलेले सिवरेज लाईनचे बहुतेक सर्व्हे एप्रिल-मे महिन्यांत झालेले आहेत. शेतं सुकलेली, ओहोळ आटलेला, विहिरीचं पाणी तळाला. त्या दिवसांत घेतलेल्या लेव्हलवर कुठली सिस्टीम घालायची ते ठरतं आणि आषाढात ती पाण्याखाली जाते. वीसेक वर्षं या कामात काढली, तरी ही चूक थांबलेली नाही.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीच्या, कडेचा एक वाडा होता. मी तेव्हा ज्युनियर. कागदावर साधी उताराची लाईन होती: घराचा चेंबर, तिथून मॅनहोल, आणि सगळ्यात खालच्या जागी पंपघर. आम्ही लेव्हल लावत असताना शेजारचे आजोबा बाहेर आले. अंगणातल्या तुळशी वृंदावनाच्या दुसऱ्या पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "बाबा, पाणी हांगा येतं. दर वर्षी नाही, पण येतं." मी वहीत लिहिलं, साहेबांना सांगितलं. पण नकाशात ती जागा पुराच्या बाहेर होती, म्हणून पंप चालवणाऱ्या विजेच्या पॅनलचा चौथरा जमिनीपासून फक्त फूटभर उचलला गेला.

दुसऱ्याच पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला घाटातून पाणी उतरलं. भरतीला मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची) दारं बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतात. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून ती तशीच केलेली असतात. पण मग वरून आलेलं पाणी ओहोटी लागेपर्यंत आतच तुंबतं. पॅनल बुडालं, पंप थांबले. सगळ्यात खालच्या घरातल्या वहिनींनी मला आत नेऊन संडास दाखवला. भांड्यातून गुडगुड आवाज येत होता आणि काळं पाणी काठाकडे चढत होतं. त्यांनी तांदळाच्या गोणीत रेती भरून ती भांड्यावर ठेवली, तर पाणी न्हाणीच्या मोरीतून वर आलं. त्या घरात पूर शिरलाच नव्हता. जे आलं ते आम्ही घातलेल्या पाइपातून आलं.

तेव्हापासून आषाढातली एक तरी अमावास्या किंवा पौर्णिमा मी त्या त्या वाड्यावर भरतीच्या वेळी काढतो. तीन वेगवेगळ्या घरांत विचारतो, पाणी कुठवर आलं होतं ते, आणि भिंतीवर लाल रंगाने खूण करतो. सगळ्यात वरच्या खुणेच्या दोन फूट वर पॅनल, जनरेटर आणि लाईनीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाचं तोंड. दोन फूट हा पुस्तकातला आकडा नव्हे, माझा आहे. साखळीसारख्या ठिकाणी वाळवंटी नदीचं पाणी झपाट्याने चढतं, खाजनाकडचं पाणी भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतं. दोन्हीकडे एकच डिझाइन डकवू नका.

आता उताराची लाईन. २०० मिलीमीटर पाइपाला २५० मीटरला १ मीटर एवढा उतार धरला, तर ५०० मीटर जाईपर्यंत पाइप २ मीटर खाली जातो. सुरुवात एक मीटरवर केली तर शेवट तीन मीटर खोल. खाजनाच्या कडेला पावसात हातभर खणलं की पाणी लागतं. म्हणजे अख्खी लाईन चार महिने पाण्यात बसते, मऊ मातीत पाइप खचतात आणि प्रत्येक सांधा बाहेरचं पाणी पितो. चढ-उताराच्या वाड्यावर हीच लाईन मी डोळे मिटून घालीन. सपाट, दलदलीच्या जागी नाही.

मग नवीन मुलं कॅटलॉग घेऊन येतात. "सर, व्हॅक्यूम चांगली की प्रेशर?" आधी मला सांगा, रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, पंपघराचं दार कोण उघडणार? प्रेशर लाईनला घरोघरी मैला दळून ढकलणारा छोटा पंप लागतो. पाइप बारीक आणि उथळ, बाहेरचं पाणी शिरायला जागा कमी. पण आपल्याकडे पुरात सगळ्यात आधी वीज जाते, आणि मग प्रत्येक घराचा भरवसा अंगणातल्या टाकीत दिवसभराचं पाणी मावतं की नाही यावर. व्हॅक्यूममध्ये एक मध्यवर्ती पंपघर सगळ्या पाइपांतली हवा ओढून ठेवतं. घराजवळच्या खड्ड्यात पाणी साठलं की झडप आपोआप उघडते, तिला वीज लागत नाही. जनरेटर लागतो तो एकाच ठिकाणी. पाइप फुटला तर मैला बाहेर न पडता हवा आत ओढली जाते आणि पंपघरात लगेच कळतं. खाजनाच्या कडेला माझं मत व्हॅक्यूमला. पण एक झडप उघडी अडकली तर सगळ्या गल्लीची ओढ जाते, म्हणून पगारी माणूस नेमल्याशिवाय ती घेऊच नका. झडपेला हवा देणारी नळीसुद्धा लाल खुणेच्या वर हवी. ती हमखास विसरली जाते.

दुसरी चूक म्हणजे पागोळ्यांचं पाणी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पन्हाळीचा पाइप अंगणातून वेगळा नेण्याऐवजी प्लंबर जवळच्या चेंबरात सोडून देतो, अर्ध्या तासाचं काम वाचवायला. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासात ५० मिलीमीटर पाऊस पडला की त्या एका घरातून ५००० लिटर पाणी मैल्याच्या लाईनीत जातं. अशी दहा घरं झाली की कुठलीही सिस्टीम कोलमडते. याला माझ्याकडे दयामाया नाही: लाईन चालू करण्याआधी तिच्यात धूर सोडायचा. ज्याच्या पन्हाळीतून धूर निघाला त्याचं कनेक्शन पाइप बदलेपर्यंत बंद.

झाकणांचंही तसंच. मॅनहोलच्या झाकणाला २५ मिलीमीटरचं एकच भोक असेल आणि त्यावर फूटभर पाणी उभं असेल, तर सेकंदाला सुमारे ०.७ लिटर आत जातं. दिवसाचे ६०,००० लिटर, म्हणजे साडेपाचशे माणसांच्या सांडपाण्याएवढं. भोक नसलेली, रबर बसवलेली, बोल्टने आवळायची झाकणं महाग पडतात म्हणून लोक कां-कूं करतात. पंपाचं बिल मांडून बघा. पुराच्या दिवसांत रात्री तीन वाजता मी मॅनहोल उघडून टॉर्च मारतो. गाव झोपलेलं असताना लाईन भरून वाहत असेल, तर ते गावाचं सांडपाणी नव्हे.

सेप्टिक टाकी पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण उपसू नका. बाहेर पाणी चढलं की साडेचार घनमीटरच्या रिकाम्या टाकीला साडेचार टन उचल बसते आणि ती सांधे तोडून वर येते. जिथं पावसात विहीर काठोकाठ भरते तिथं सोकपिट (शोषखड्डा) म्हणजे आपलाच मैला शेजाऱ्याच्या विहिरीत.

लोकसंख्या जनगणनेची धरू नका. चवथीला मुंबई-पुण्याचे सगळे घरी येतात, तीन माणसांच्या घरात पंधरा होतात, आणि जमीन तेव्हाही पाण्याने भरलेलीच असते.

लाईन तुंबली म्हणून माणूस आत उतरवू नका. साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू दुसरा श्वास घेऊ देत नाही. पाण्याच्या जोराने लाईन साफ करणाऱ्या जेटिंगच्या गाडीला मॅनहोलपर्यंत रस्ता ठेवणं हा डिझाइनचा भाग आहे.

त्या वहिनींच्या चेंबरात आम्ही नंतर उलटं पाणी अडवणारी झडप बसवली. दर वर्षी मे अखेरीस मी जाऊन ती उघडतो. केसांचा गुंता, कापडाची चिंधी, कधी नारळाचा काथ्या झडपेच्या उघडमीट करणाऱ्या पाकळीत अडकलेला असतो. एवढा काथ्याही पाकळी उघडी ठेवायला पुरतो. आणि दर वेळी त्यांना पुन्हा सांगतो: वहिनी, बाहेर पाणी चढलं की झडप मिटते, मग तुमचंही पाणी बाहेर जात नाही. तेवढा वेळ संडासात बादली ओतू नका.