सहा डिस्कांत खरी जागा किती? पूल बांधण्याआधीचा हिशेब

८ टीबीच्या सहा डिस्क घेतल्या की पहिला प्रश्न येतो, ‘जागा किती मिळेल?’ मी त्याआधी दुसराच प्रश्न विचारते: एकाच वेळी किती डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहिला पाहिजे? याचं उत्तर ठरलं की जागा आपोआप ठरते.

मी झेडएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कांवर डेटा मांडणारी प्रणाली) वापरते, म्हणून त्याच्याच भाषेत सांगते. पूल म्हणजे सगळ्या डिस्कांचा मिळून एक साठा; तो डिस्कांच्या गटांनी बनतो आणि अशा गटाला व्हीडेव्ह म्हणतात. जास्तीच्या प्रती किंवा पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) गटापुरती असते. एक गट कोलमडला की पूर्ण पूल गेला, बाकीचे गट धडधाकट असले तरी. म्हणून हिशेब गटागटाने करा.

सहा डिस्कांचा एकच रेडझेड-१ (एका डिस्कइतकी पॅरिटी) गट केला तर ४० टीबी मिळतात, पण एकच डिस्क गेलेली चालते. एवढ्या मोठ्या डिस्कांना मी तो कधीच सुचवत नाही. बदललेली डिस्क भरून निघायला बराच वेळ लागतो, उरलेल्या पाचही डिस्क तेव्हा सतत वाचल्या जातात आणि त्या काळात हाताशी काहीच राखीव नसतं. रेडझेड-२ (दोन डिस्कांइतकी पॅरिटी) मध्ये ३२ टीबी मिळतात आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. तीन-तीन डिस्कांचे दोन रेडझेड-१ गट केले तरी जागा ३२ टीबीच. इथे नीट बघा: सहातून दोन डिस्क जाण्याच्या १५ जोड्या होतात. त्यांतल्या ६ एकाच गटात पडतात, म्हणजे पूल गेला. रेडझेड-२ मध्ये अशी एकही जोडी नाही.

दोन-दोनचे तीन मिरर (जोडीतल्या दोन्ही डिस्कांवर तोच डेटा) केले तर २४ टीबी मिळतात आणि १५ पैकी ३ जोड्या घातक ठरतात. तरीही व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस असेल तर मी मिररच निवडते. वेग चांगला मिळतो आणि डिस्क बदलताना फक्त तिची जोडीदार वाचावी लागते. मोठ्या फायलींच्या साठ्याला रेडझेड-२.

आता स्क्रीनवर दिसणारा आकडा. डिस्कवरचा टीबी दशमान असतो, झेडएफएस मात्र १०२४ च्या पटीत मोजतो. त्यामुळे ८ टीबीची डिस्क ७.२८ दिसते आणि आपले ३२ टीबी २९.१ होतात. त्यातूनही थोडी जागा तो स्वतःसाठी राखून ठेवतो. ‘झेडपूल लिस्ट’ ही आज्ञा रेडझेडमध्ये पॅरिटीसकट सुमारे ४३.६ दाखवते, तो आकडा धरून बसू नका. वापरण्याजोगी जागा ‘झेडएफएस लिस्ट’मध्ये बघा.

लहान ब्लॉक (डेटा ज्या तुकड्यांत लिहिला जातो ते) असतील तर आणखी एक कात्री लागते. रेडझेड-२ मध्ये प्रत्येक ब्लॉकची जागा तीन सेक्टरांच्या (डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्यांच्या) पटीत वाढवली जाते. ४ केबीच्या सेक्टरवर ८ केबीचा ब्लॉक लिहिला, तर दोन सेक्टर डेटाचे, दोन पॅरिटीचे आणि दोन नुसते भरीचे: ८ केबीसाठी २४ केबी खर्च! तोच ब्लॉक १६ केबीचा केला तर चार अधिक दोन असे सहा सेक्टर लागतात. खर्च तेवढाच, पण डेटा दुप्पट मावतो. व्हर्च्युअल डिस्कचा ब्लॉक आकार ती तयार करतानाच ठरतो, म्हणून आधीच १६ केबी किंवा जास्त ठेवा.

जी जागा हाती उरेल तिच्या ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं, असं मी धरून चालते. पूल काठोकाठ भरत गेला की लिहिण्याचा वेग घसरतो.

गटात लहानमोठ्या डिस्क मिसळल्या तर सगळ्यात लहान डिस्कच माप ठरवते. एकटी सुटी डिस्क नवा गट म्हणून पूलला कधीही जोडू नका. झेडएफएस हरकत घेतो, ती सक्तीने डावलू नका. त्या एका डिस्कवर सगळा पूल टांगला जाईल आणि पूलमध्ये रेडझेड असेल तर ती परत काढताही येत नाही. ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेड गटातच एक-एक डिस्क वाढवता येते. मात्र जुना डेटा जुन्याच प्रमाणात राहतो. तो पुन्हा लिहिल्याशिवाय त्यात वाचवता येण्याजोगी जागा मिळत नाही.

कागदावरचा हिशेब पडताळायचा असेल तर ‘ट्रंकेट’ या आज्ञेने ८ टीबीच्या सहा विरळ फायली करा, अ‍ॅशिफ्ट १२ (म्हणजे ४ केबीचे सेक्टर) ठेवून त्यांवर हवी ती मांडणी बांधा आणि ‘झेडएफएस लिस्ट’ बघा. या फायली डिस्कवर नाममात्र जागा घेतात. आकडा पटला नाही तर तो पूल मोडा आणि दुसरी मांडणी लावून बघा.