समन्स आलं की आधी दिवस मोजा, कैफियतीची मुदत समजून घ्या

आपल्याकडे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर कुठंही बघा, बांधाचा नाहीतर वाटणीचा दावा लागला की माणूस समन्सवरची तारीख बघतो आणि म्हणतो अजून टाइम आहे, तारखेला बघू. इथंच घोळ होतो. कैफियतीची, म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत कोर्टाच्या तारखेपासून नाही, समन्स हातात मिळालं त्या दिवसापासून चालू होते.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ८ रूल १ आहे, त्यात ३० दिवस दिलेत. कारण पटलं तर कोर्ट ते लिहून मुदत वाढवतं, पण समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांपर्यंतच. म्हणजे बेलीफाकडे ३ जूनला सही केली तर पहिला दिवस ४ जून, तिसावा ३ जुलै आणि नव्वदावा १ सप्टेंबर. सही करताना खाली तारीख टाकाच, समन्सचा फोटो काढून ठेवा, आणि सोबत दाव्याची नक्कल आहे का ते तिथंच बघा, नसेल तर तसं समन्सवर लिहून मगच सही करा.

आता एक गोष्ट नीट ऐका भाऊ. वादीनं मनाई मागितली असेल तर निशाणी ५ च्या, म्हणजे त्या मनाईच्या, अर्जावर वेगळं म्हणणं द्यावं लागतं. ते दिलं म्हणजे कैफियत झाली असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाही. तेच म्हणणं कैफियत म्हणून वाचावं अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला तसं कळवणारा छोटा लेखी कागद, दिलेली आहे का हे वकिलाला स्पष्ट विचारा, नसेल तर कैफियत वेगळी टाका.

मुदत गेली आणि 'नो डब्ल्यूएस' ऑर्डर, म्हणजे कैफियतीशिवायच दावा पुढं चालवायचा हुकूम, झाली तरी हातपाय गाळू नका. ती रद्द करायचा अर्ज द्या, सोबत तयार कैफियत जोडा, नुसता अर्ज नको, आणि उशिराचं खरं कारण कागदासकट द्या, दवाखान्याची फाईल वगैरे. साध्या दाव्यात ९० दिवसांची अट अगदी लोखंडी नाही असं सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये सांगितलंय, पण उशीर माफ होईलच असं धरू नका, कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम भरायचा हुकूम, बसू शकते. व्यापारी दावा, म्हणजे कमर्शियल सूट असेल तर मात्र १२० दिवसांनंतर हक्कच जातो, तिथं कारण चालत नाही.

आणि वकीलपत्र दिलं म्हणून सुटलो असं नाही, ईकोर्ट्स अ‍ॅपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर, टाकून पुढची तारीख आणि कामकाज स्वतः बघत जा.