ट्रॅक डेसाठी ब्रेक पॅड निवडताना

नागपुरात किंवा आसपास कायमस्वरूपी रेसिंग ट्रॅक नाही. ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवता येते त्या दिवसाला, जायचे तर इथल्या माणसाला बहुधा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट गाठावे लागते, नाहीतर दक्षिणेकडे चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूर. बुद्ध सर्किट आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणांसाठी एका बाजूचा प्रवासच हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. गाडी ट्रेलरवर चढवून नेणारे थोडे. बहुतेक जण जी गाडी ट्रॅकवर पळवायची, तीच महामार्गावरून चालवत नेतात आणि चालवतच परत आणतात. ब्रेक पॅडची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्टीची, निवड याच गोष्टीपासून सुरू व्हायला हवी, कारण ट्रॅकवर उत्तम ठरणारा पॅड पहाटेच्या थंडीत सिवनीच्या रस्त्यावर समोर गुरे आडवी आली असता पहिल्या दाबाला नीट पकडेलच असे नाही.

आधी ब्रेकवर प्रत्यक्षात काय गुदरते ते आकड्यांत पाहू. चालकासह ११०० किलो वजनाची हॅचबॅक ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते, आणि इथे ती तीन-चार सेकंदांत निर्माण होते. त्यातला तीन चतुर्थांश भार पुढच्या चाकांवर पडतो असे धरले, तर सात किलोच्या बिडाच्या एका डिस्कचे तापमान एका ब्रेकिंगमध्ये शंभरेक अंशांनी चढते. पुढचे वळण येईपर्यंत ती थोडीच निवते. अशी पाच-सहा वळणे एका लॅपमध्ये आली की दोन-तीन लॅपमध्ये डिस्क ५०० अंशांच्या पुढे जाते. कंपनीतून बसवून आलेले पॅड साधारण ३५० ते ४०० अंशांपर्यंत व्यवस्थित काम करतात. त्यापुढे त्यांतले रेझिन, म्हणजे मिश्रण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळू लागते, पॅड आणि डिस्क यांमध्ये वायू सुटतो आणि घर्षण घसरते.

यावरून एक गैरसमजही दूर होतो. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा असल्यामुळे इथल्या गाड्यांना जास्त तापमानाचे पॅड हवेत, असे गॅरेजमध्ये ठामपणे सांगितले जाते. हवेतल्या वीस-पंचवीस अंशांच्या फरकाला पाचशे अंशांच्या डिस्कपुढे फारसे महत्त्व नाही. गाडीचे वजन, टायरची पकड, ट्रॅकवरच्या सरळ पट्ट्यांची लांबी आणि चालकाचा पाय, हीच चार कारणे खरी. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या शेवटी ब्रेकची सगळ्यात कठीण परीक्षा होते. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या छोट्या ट्रॅकवर वेग तेवढा चढत नाही, पण ब्रेकना निवायला वेळही मिळत नाही.

पॅडवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव, बदलावे, हा क्रम मी कोणासाठीही बदलणार नाही. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. एक पावसाळा काढलेले ऑइल ट्रॅकवर नेणे म्हणजे धोका विकत घेणे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. नाव जवळचे वाटले तरी ते डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये. ऑइल उकळले की पेडल मऊ होऊन खाली जाते. पॅड थकला की पेडल घट्टच राहते, पण गाडी थांबत नाही. ट्रॅकवरून आलेला चालक ‘ब्रेक गेले’ एवढेच सांगतो, तेव्हा पेडल मऊ झाले होते की घट्ट, हा पहिला प्रश्न मेकॅनिकने विचारायला हवा, कारण पेडल मऊ झाले असेल तर कितीही महागडे पॅड बसवून फरक पडणार नाही.

आता पॅडच्या मिश्रणाकडे वळू. बाजारात ‘सिरॅमिक’ असे लिहिलेला डबा हमखास ‘परफॉर्मन्स’ म्हणून पुढे केला जातो. हे पॅड कमी धूळ आणि कमी आवाज यांसाठी बनवलेले असतात. रोजच्या वापराला चांगले, ट्रॅकला बहुधा अपुरे. सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा काही संबंध नाही. ट्रॅकसाठी पाहायचे ते जास्त धातू असलेले सेमी-मेटॅलिक किंवा कार्बन-मेटॅलिक मिश्रण. त्यांतही दोन गट पडतात. पहिल्या गटातले पॅड थंड असतानाही पकडतात आणि कंपनीच्या पॅडपेक्षा जास्त तापमानापर्यंत टिकाव धरतात. फेरोडोचा डीएस२५०० हा या गटातला ओळखीचा पर्याय. दुसरा गट शुद्ध रेसिंगचा. हे पॅड तापल्याशिवाय धड पकडत नाहीत, गार असताना डिस्क खरवडतात आणि सीताबर्डीच्या गर्दीत एवढे किंचाळतात की चौकातली माणसे वळून पाहतात.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीमागच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानाच्या घर्षणाचे, दुसरे गरम असतानाचे. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुलनेसाठी ही अक्षरे उपयोगी असली तरी त्यांमागची प्रयोगशाळेतली चाचणी साडेतीनशे अंशांच्या आसपासच थांबते, म्हणजे ट्रॅकवरचा खरा प्रश्न सुरू होतो तिथे. निर्मात्याने दिलेला घर्षण आणि तापमान यांचा आलेख मिळत असेल तर तो पाहावा. सर्वांत उंच शिखरापेक्षा सपाट रेषा जास्त मोलाची, कारण पाय जेवढा दाबला तेवढाच ब्रेक प्रत्येक लॅपला लागला पाहिजे.

पॅड बदलल्याने थांबण्याचे अंतर निम्मे होईल, ही अपेक्षाही ठेवू नये. जुन्या पॅडवर एबीएस (चाके अडकू न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर मर्यादा टायरची आहे. चांगला पॅड तेच ब्रेकिंग दहाव्या लॅपलाही करू देतो, एवढेच त्याचे काम. साध्या रोड टायरवर पहिल्या गटातला पॅड पुरेसा ठरतो. सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे जास्त पकडीचे, टायर आणि दोनशे अश्वशक्तीच्या पुढची गाडी असेल तरच दुसऱ्या गटाचा विचार करावा.

आपल्याकडच्या अनेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात, त्यामुळे निवड फक्त पुढच्या पॅडची उरते, आणि ते ठीक आहे. मागे डिस्क असल्यास मागचा पॅड पुढच्यापेक्षा जास्त पकडणारा कधीही बसवू नये. वळणात शिरताना मागची चाके आधी अडकली तर गाडी गरकन फिरते.

माप नावावरून घेऊ नये. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत किंवा इंजिनांत कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) वेगळा असू शकतो. चाक काढून जुना पॅड बाहेर घ्यावा, त्याची लांबी, उंची आणि जाडी मोजून फोटोसह विक्रेत्याला पाठवावी, वेअर सेन्सरची (पॅड झिजल्याची सूचना देणाऱ्या भागाची) वायर आहे का तेही कळवावे. कामठी रोडच्या दुकानांत पर्याय मिळाला तरी डब्याचे सील आणि पत्र्यावर कोरलेला बॅच क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नामांकित पॅडची नक्कल सर्रास विकली जाते. चाक काढलेलेच आहे तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी पाहून घ्यावी आणि कॅलिपरच्या स्लाइड पिना हाताने सरकतात याची खात्री करावी. पिन अडकलेली असेल तर पॅड एका बाजूने तिरका झिजतो आणि दोष मात्र पॅडच्या माथी येतो.

बेडिंग, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर समान बसवणे, ही पायरी टाळता येत नाही. नवा पॅड थेट जोरात वापरला तर त्यातले वायू एकदम सुटून ब्रेक ऐनवेळी दगा देतो. थर असमान बसला तर पेडल थरथरते आणि लोक डिस्क वाकडी झाली असे समजून ती लेथवर नेतात. निर्मात्याची पद्धत असेल तीच पाळावी. एरवी १०० वरून ३० पर्यंत, न थांबता, आठ-दहा वेळा चढत्या जोराने ब्रेक लावावा आणि मग काही किलोमीटर ब्रेकला हात न लावता गाडी चालवत ठेवावी. हे समृद्धी महामार्गावर किंवा आउटर रिंग रोडवर करू नये. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा उद्देश ठाऊक नसतो. ट्रॅकवरचे पहिले सत्र यासाठीच राखून ठेवावे.

दुसऱ्या गटातला पॅड घ्यायचाच असेल, तर तो डिकीत न्यावा आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत, बदलावा. जॅक, स्टँड, टॉर्क पाना आणि पिस्टन मागे दाबायचे साधन सोबत असले की सरावाने तासाभरात काम होते. मात्र एका डिस्कवर दोन वेगळ्या मिश्रणांचे थर आलटून पालटून बसवल्यास थरथर सुरू होते. एकाच निर्मात्याची सुसंगत जोडी घ्यावी किंवा ट्रॅकसाठी डिस्कचा वेगळा संच ठेवावा. ही दगदग नको असेल, तर नागपुरातून जाणाऱ्यासाठी पहिला गटच शहाणपणाचा, असे माझे मत आहे.

प्रत्येक सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू काढावा. पिटमध्ये पेडलवर पाय ठेवून उभे राहू नये, हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड किंवा ठोकळा अडवावा. पॅडची जाडी निम्म्यावर आली की ट्रॅकसाठी तो संपला असे समजावे, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते. परतीच्या हजार किलोमीटरसाठी जुने रोड पॅड डिकीत ठेवलेले असावेत.